'टू', 'आयएनजी' आणि पोफळींचं पाणी

१९५४, वैशाखातली टळटळीत दुपार. रत्नागिरी, आमच्या घराची मागली पडवी. हजर: मामंजी (निवृत्त शिक्षक), सासूबाई, धाकटी जाऊ, मी. गैरहजर: आम्हा दोघींचे नवरे, मुंबईला नोकरीवर. काम: रातांबे फोडून आमसुलांसाठी सालं वेगळी करणं. अभ्यास: इंग्रजी व्याकरण.

मामंजींना दोघी सुनांना बाहेरून मॅट्रिकला बसवायचं होतं. सासूबाईंनी एकीलाच परवानगी दिली. "दोघी पुस्तकात घुसल्यात तर पोफळी कोण शिंपणार?" कोण बसणार ते मृगाआधी ठरायचं होतं. मला लग्नासाठी नववीतून काढलेलं. मला बसायचंच होतं.

मामंजी एक क्रियापद टाकायचे, आम्ही त्याला दुसरं जोडायचं. काही क्रियापदांपुढे 'टू' येतो, काहींपुढच्या शब्दाला 'आयएनजी' लागतं. चुकेल तिने उठून रहाटाने पाणी काढायचं आणि परसातल्या सुपारीच्या बागेत पोफळींच्या एका ओळीला सोडायचं.

मी शिस्तीत घोकलं. वॉन्ट, होप, डिसाइड एका बाजूला. एन्जॉय, फिनिश, अव्हॉइड दुसऱ्या. धाकटीने काही घोकलं नाही.

"फिनिश," मामंजी म्हणाले.

"आय फिनिश्ड कुकिंग," रातांब्याची बी चोखत ती म्हणाली.

"टू कुक का नाही?"

"कानाला बरं लागत नाही."

मला राहवलं नाही. "असा कान कुठल्या बाजारात मिळतो गो?"

"माझ्या माहेरी, गिरगावात, वहिनी. तुमच्यासाठी आणू एक?"

मामंजी खदखदून हसले. माझ्या बिनचूक पाठांतराला त्यांनी कधी नुसती मानसुद्धा डोलावली नव्हती. त्या रागात पुढचं क्रियापद मी चुकवलं आणि पाण्याला गेले. मागून दोघांचं हसणं ऐकू येत होतं.

सुरुवातीला घोकलेलं ऐनवेळी आठवेना; बहुतेक ओळी माझ्याच वाट्याला आल्या. जायचंच तर नीट, म्हणून मी पाट साफ केले, कुठली ओळ कधी भिजली ते ध्यानात ठेवलं. मग हळूहळू उत्तरं जमली. ज्येष्ठात मी चुकेनाशी झाले. धाकटी दोनदा रहाटाला गेली, तळहाताला फोड घेऊन परतली, आणि पाणी भलत्याच पाटाने वाहून गेलं.

मामंजी म्हणाले, "थोरली तयार झाली. तिलाच बसवू."

सासूबाईंनी सालांची परडी खाली ठेवली. "वेड लागलंय? बाग कधी नव्हे ती हिरवी दिसत्ये, कुणामुळे? हिला पुस्तकं दिलीत तर पुढल्या उन्हाळ्यात पोफळी माना टाकतील. धाकटीला बसवा. तिच्यावाचून इथे काही अडत नाही."

मामंजींनी चष्मा काढून धोतराने पुसला. "तेही खरंच," म्हणाले.

धाकटी पास झाली, मुंबईला गेली, शाळेत शिकवू लागली. सुट्टीला यायची तेव्हा तिच्या खांद्यावरची पर्स माझ्या डोळ्यांत सलायची. अजून सलते.

आता सासूबाई नाहीत, मुलं मार्गाला लागली. परवा धाकटीच म्हणाली, "वहिनी, परीक्षेचा फॉर्म आणून देऊ का?"

"माझा मी आणीन," मी म्हटलं.

त्या दिवशीची बाकी सगळी कामं उरकली. फॉर्म अजून आणायचा आहे.