डॉक्टर घरी आले तेव्हा

ज्यांनी बाबांच्या जबड्यातली कॅन्सरची गाठ काढली होती, ते डॉक्टर बाबा गेल्यानंतर चार महिन्यांनी आमच्या मांजर्लीच्या घरी आले. आधी फोन करून, विचारून आले. चपला दाराबाहेर नीट जोडीने ठेवल्या, खुर्ची नको म्हणाले आणि आईसमोर सतरंजीवर बसले. वही उघडेपर्यंत पेनाचं टोपण सारखं काढत-लावत होते.

"शेवटी त्यांना काय काय गिळता यायचं? बोललेलं कळायचं का?"

आई सांगत गेली, ते लिहीत गेले. मला राग आला. "आता हे कशाला, सर?"

"बरे झालेले पेशंट स्वतः तपासणीला येतात," ते म्हणाले. "फक्त त्यांनाच धरून अभ्यास केला, तर माझं प्रत्येक ऑपरेशन चांगलंच ठरेल. म्हणून बाकीच्यांच्या घरी मी जातो."

मग त्यांनी आईला विचारलं, "पुन्हा तीच वेळ आली, तर ऑपरेशनला हो म्हणाल?"

"नाही," ती म्हणाली. "दोन घास तरी तोंडाने खाऊन गेले असते."

डॉक्टरांनी तिची समजूत घातली नाही. वाक्य जसंच्या तसं लिहिलं आणि वाचून दाखवलं. "बरोबर आहे ना?"

आईने मान हलवली. एवढ्या आजारपणात तिला काय वाटतं, हे कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

खाली उतरल्यावर त्यांनी मला सोनिवलीचा रस्ता विचारला. तिथे आणखी एका घरी जायचं होतं.