मनाची गोळी

बैलगाडा शर्यतीच्या घाटात, म्हणजे गाडे पळतात त्या चढाच्या धावपट्टीवर, माईक माझ्याकडे असायचा. बारी सुटली, गाडा पळायला लागला, की बैलांचं वर्णन, मालकाचं कौतुक, सगळं एका दमात. आमच्या महाळुंगे पडवळात माझा आवाज ओळखत नाही असं घर नव्हतं.

हृदयविकाराचा झटका आला, पुण्याला नेऊन स्टेंट बसवली. रिपोर्ट चांगले आले, पण घरी आल्यावर माझं बोलणंच बंद झालं. दिवसभर ओट्यावर नाडी चाचपत बसायचो. ठोका जरा जोरात पडला की दरदरून घाम. कुणी घाटाचा विषय काढला तर आत जाऊन रडायचो.

जुन्नरला तपासणीला गेलो. डॉक्टरांनी तब्येत विचारली तेव्हा मी म्हटलं, "बरंय."

बायको शेजारीच होती. "कुठलं बरंय! झोपत न्हाईत, जेवत न्हाईत. काल म्हनले, मी वाचलोच कशाला."

डॉक्टरांनी हातातला पेन खाली ठेवला. बराच वेळ माझ्याशी बोलत राहिले. म्हणाले, झटक्यानंतर पुष्कळांचं असं होतं आणि खचलेलं मन हृदयालाही पुढे त्रास देतं. हृदयाच्या औषधांसोबत चालेल अशी मनासाठीची एक गोळी त्यांनी लिहून दिली. "गुण यायला काही आठवडे लागतील. मधेच मनाने बंद करू नका."

एसटी स्टँडवर मी बायकोवर उखडलो. "मी काय येडा हाय का?"

"रक्त पातळ व्हायची गोळी घेताना लाजता का? मग ही घ्यायला काय झालं?"

त्या रात्री गोळी घेतली. सुरुवातीला नुसती मळमळ. फोन केला, तर डॉक्टर म्हणाले, धीर धरा. धरला. मग एका सकाळी शेजारी त्याच्या बैलांच्या बढाया मारत होता आणि मी ओट्यावरून उठून त्याच्याशी कडाडून वाद घातला. बायको दारात उभी राहून हसत होती. "भांडा, भांडा! लई दिसांनी आवाज ऐकला."

त्यानंतर भूक लागली, झोप लागली. रोज चालायला लागलो. गावची यात्रा आली तेव्हा डॉक्टरांना विचारूनच घाटात गेलो. पहिली बारी सुटली. छाती धडधडत होती, पण भीती नव्हती. भिर्रर्र म्हणून जी आरोळी ठोकली, ती ऐकून अख्खा घाट उभा राहिला. फेटे उडाले, शिट्ट्या वाजल्या. मला थांबावंसंच वाटेना.

मध्ये जरा उसंत मिळाली. मी माईकवरच सांगून टाकलं, "मंडळी, माझं मन पार खचलं व्हतं. त्याच्यावर गोळी चालू हाय. घेतो, आन् लाजत न्हाई!"

मग टाळ्या पडल्या.

चहाला खाली उतरलो, तर बायपास झालेले एक गाडामालक जवळ आले. हळूच म्हणाले, "भाऊ, मला बी तसंच व्हतंय. त्या गोळीचं नाव सांगा की."

"नाव न्हाई सांगणार, पावणं. ती माझ्यासाठी दिलेली. उद्या तयार राहा, माझ्या गाडीवर डॉक्टरांकडं जाऊ."