सरपंचांची सुई

एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही, घरातसुद्धा नाही. एका संध्याकाळी माझ्या घाईपायी आक्काचं मांजर मरता मरता वाचलं. त्याचा दोष आक्कानं स्वतःच्या डोळ्यांवर घेतला आणि मी तो घेऊ दिला. महिन्यापूर्वी आक्का गेली. चार दिवसांसाठी म्हणून हुबळीला लेकीकडं गेली होती, तिथंच झोपेत गेली. सकाळी फोन आला तेव्हा ते मांजर टॉवेलात गुंडाळून माझ्या मांडीवर होतं आणि हातात इन्सुलिनची सुई. भाची रडत सांगत होती आणि मी म्हणालो, "सरपंचांना टोचायचं राहिलंय गं, पाच मिनिटांत करतो फोन." मागाहून माझी मलाच लाज वाटली. पण आक्का असती तर म्हणाली असती, "बराबर केलंस. मी कुठं पळून चाललोय?"

आक्का माझी थोरली चुलत बहीण. लग्न होऊन संकेश्वरकडं गेली, भावजी गेल्यावर कोल्हापुरात राजारामपुरीत येऊन एकटी राहिली. त्यामुळं बोलण्यात कोल्हापूर आणि कानडी यांची सरमिसळ. मला जन्मभर 'तम्मा' म्हणाली, म्हणजे धाकटा भाऊ... माझी पन्नाशी उलटली तरी. तिच्या घराखाली क्लास होता. खाली पोरं गणितं घोकायची आणि वर आक्का बोक्याशी भांडायची. हा पिवळा बोका कधीतरी दुधाच्या वासानं आला आणि उंबऱ्यातच ठाण मांडून बसला. आतबाहेर करायचं तर त्याला ओलांडून जावं लागे, म्हणून तो सरपंच. "उठलासा का सरपंच?" असं ती रोज अदबीनं विचारायची. आमचं घर लिंगायत, शुद्ध शाकाहारी. सरपंचही दूधभात, तूप आणि पेढ्यावर पोसलेले. ते रोडावले आणि भांडंभर पाणी प्यायला लागले, तेव्हा डॉक्टरच्या आधी आक्कानंच निदान केलं. "शुगर हाय ह्यास्नी. माझं असंच झालतं."

जनावरांच्या डॉक्टरीणबाई तरुण आणि स्पष्ट बोलणाऱ्या. दूधभात बंद, मांस सुरू, असं त्यांनी सांगितलं तेव्हा आक्कानं कानांना हात लावले. मग म्हणाली, "माझ्या चुलीवर न्हाय शिजायचं. गच्चीवर शिजंल." आणि खरंच, गच्चीवर वेगळी शेगडी, वेगळं पातेलं, उकडलेलं चिकन. ते आणायचं काम माझं. मी दोन दिवस दोन दुकानांतून आणलं. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "तम्मा, कुठलं ताजं असतंय हे तुला बरं कळतंय रं?" मी घाईनं पातेल्यावर झाकण ठेवलं. मी बाहेर मटण खातो, हे माझ्या मते तिला ठाऊक नव्हतं.

खरी लढाई डोसवरनं झाली. बाई म्हणाल्या, सुरुवात कमी डोसनंच करायची. पुढं दोन रस्ते आहेत. एक, ठरलेला डोस सकाळ-संध्याकाळ द्यायचा आणि मधून मधून दवाखान्यात तपासून घ्यायचं. दुसरा, दर वेळी कानाला बारीक टोचून साखर बघायची आणि त्या सांगतील त्या हिशेबानं कमी-जास्त करायचं. पोटात अन्न नसेल तर सुई नाही, हे दोन्हीकडं सारखंच. मी शिरोलीच्या फाउंड्रीत सुपरवायझर. मी ठरलेल्या डोसच्या बाजूचा, कारण त्यात डोकं चालवावं लागत नाही. आक्का उसळली. "तुमच्या भट्टीत लोखंड किती तापलंय ते न बघताच वततासा व्हय? मग माझ्या सरपंचालाच का न बघता?" स्वतःची सुई ती कैक वर्षं अशीच बघून घेत आली होती. लग्नात जिलबी खाल्ली तर रात्री किती वाढवायचं, हे तिच्या डॉक्टरांनी तिला शिकवलं होतं आणि त्याचा तिला गर्व होता. शेवटी तिचंच खरं झालं. कान टोचायची ती. मी टोचायला गेलो की सरपंच माझा हात फाडायचे, तिच्यापुढं मात्र बापुडे व्हायचे. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता. स्वतःचं इन्सुलिनचं पेन ती टकटक मोजून लावायची, पण सरपंचांच्या सुईवरच्या बारीक रेघा बघायला कामावर जाता-येता मी यायचो. माझ्या डोळ्यांशिवाय ती सुई भरत नसे.

त्या दिवशी मला उशीर झाला. कळंब्याला एका मित्राच्या शेतात मटणाचा तांबडा-पांढरा रस्सा शिजत होता आणि फोनवर फोन येत होते. मी पोचलो तर आक्का इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजेला बसलेली. पूजा होईपर्यंत ती कुणाशी बोलत नाही, हे मला लहानपणापासून माहीत. वाटी रिकामी होती, म्हणजे सरपंच जेवले होते. मी दारातूनच विचारलं, "सुई द्यायची राहिलीय न्हवं?" ती गप्प. पाव तास थांबलो असतो तर उठून सांगितलंच असतं तिनं. मी थांबलो नाही. कान टोचायच्या भानगडीतही पडलो नाही. सकाळचा डोस होता तेवढा भरला, तिच्या पाठीमागं उंबऱ्यातच टोचला आणि गाडीला किक मारली.

माझी वाट बघून, सरपंचांची वेळ चुकू नये म्हणून, तिनं पहिल्यांदाच एकटीनं साखर बघितली होती, एकटीनं सुई भरली होती, दिली होती. मग पूजेला बसली होती. माझी सुई दुसरी होती.

पहिला घास तोंडात असताना तिचा फोन आला. सरपंच दारू प्याल्यागत झुकांड्या खात होते. बाईंनी फोनवर सांगितल्यावर तिनं हिरड्यांना काकवी चोळली आणि रिक्षानं दवाखाना गाठला. मी धावत पोचलो. तिनं माझ्याकडं एकदाच बघितलं आणि म्हणाली, "आधी हात धुऊन ये. रश्श्याचा वास येतोय, सरपंच चाटत बसतील." म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं... मटणाचं. सुईचं नव्हतं. बाईंनी विचारलं, डोस किती गेला? मी तोंड उघडलं, तेवढ्यात आक्का म्हणाली, "माझीच चूक झाली, बाई. रेघच दिसली न्हाय मला. जास्तच भरलं असणार." आणि मी तोंड मिटलं.

दुसऱ्या दिवशी सरपंच घरी आले आणि उंबऱ्यात बसले. पण आक्कानं सुई माझ्या हातात ठेवली. "आता बघाबघी साक झाली, पुरे. ठरलेला डोस, आन् तूच द्यायचा." थोड्या दिवसांनी म्हणाली, "माझीबी तूच दे." ते 'माझीबी' माझ्या अजून कानात आहे. जिलबीचा हिशेब करणारी ती बाई लग्नात जिलबीच नको म्हणायला लागली.

खोटं कशाला बोलू, पुढची वर्षं मजेत गेली. सकाळी शिरोलीला जाताना आणि संध्याकाळी येताना दोघांना टोचायचं, चहा प्यायचा, शिव्या खायच्या. "सरपंच ओरडत न्हाईत, तू का डोळे मिटतोस रं?" असं ती म्हणायची. एवढं निवांत आम्ही पूर्वी कधी बसत नव्हतो. रोज जिना चढताना वाटायचं, आज सांगावं. रोज वर काहीतरी हसण्याजोगं घडायचं... आणि मी खाली उतरायचो.

आता सरपंच माझ्याकडं आहेत. बाईंना विचारून मी पुन्हा आक्काच्या रस्त्यावर आलोय, कान टोचून, साखर बघून. हातावर ओरखडे आहेत. तिची पूजेची चटई मी मागून आणली. संध्याकाळी वाटी चाटून झाली की सरपंच तिच्यावर जाऊन बसतात आणि मी समोर पाव तास गप्प बसतो. घाई कसलीच नसते. मग उठून सुई भरतो.

आक्काला एक वाक्य सांगायचं राहिलं, तेवढं मी तिचं देणं लागतो : त्या संध्याकाळी तू सुई बरोबर भरली होतीस.