सरकवलेली रेघ

मोठ्या जावेच्या पोटात दुखत होतं, आणि दुखण्याचं नाव होतं धाकटी. खोटं कशाला सांगू, दुसरं काही कारणच नव्हतं.

मोठी पाणीखात्याच्या नकाशाखोलीत सव्वीस वर्षं ट्रेसर होती. जमिनीखालच्या नळांचे नकाशे ट्रेसिंग कागदावर शाईने उतरवायचे, हे तिचं काम. हात असा, की एका दमात हातभर रेघ ओढेल आणि कुठे जाड-बारीक व्हायची नाही. आणि आता तिच्याच खोलीत, तिच्याच खिडकीपाशी, धाकट्या दिराची बायको कॉम्प्युटर घेऊन येऊन बसली! खात्याने नकाशे डिजिटल करायला घेतले, परीक्षा ठेवली, आणि तीत पहिली कोण यावी, तर हीच. सहा महिने कच्ची नोकरी. काम पटलं तर पक्की.

मोठीची शीट स्कॅन व्हायची. धाकटी तिचे चार कोपरे खऱ्या जमिनीवरच्या जागी बसवायची आणि मग मोठीच्या रेघेवरून माउस फिरवत नवी रेघ काढायची. रस्त्यांचा एक लेयर, इमारतींचा दुसरा, नळांचा तिसरा. हवा तो दाखवा, नको तो झाका. प्रत्येक रेघेमागे एक तक्ता: नळ कशाचा, किती इंची, कधी टाकला, माहिती कुठून घेतली, तिच्यावर भरवसा किती. मोठीचं वर्षाचं काम ही आठवड्यात हातावेगळं करायची. वर "वहिनी, हे बघा ना! वहिनी, हे चिन्ह कशाचं हो?" दिवसातून पन्नास वेळा वहिनी. त्या शब्दानेच मोठीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

घरी तर कौतुकाला ऊत. धाकटीने सासूबाईंना मोबाइलवर नकाशा उघडून घराचं छप्पर दाखवलं. "अगं बाई! हे आपलंच? वरची टाकीसुद्धा दिसतेय की!" सासूबाई शेजारपाजारी सांगून आल्या. सव्वीस वर्षांत त्यांनी मोठीला एकदाही विचारलं नव्हतं, की बाई, तू दिवसभर तिथे काढतेस तरी काय. त्या दिवशी मोठीने भांडी जरा जास्तच आपटली.

एके दुपारी धाकटीने विचारलं, "वहिनी, शाळेपाशी हा नळ कुंपणापासून तीन मीटर लांब दिसतोय. एवढा रस्त्यात टाकला असेल?"

छे, कसला! नळ कुंपणाला लागूनच होता, हे मोठीला पक्कं ठाऊक होतं. पण एकास हजारच्या नकाशात जमिनीवरचा मीटर म्हणजे कागदावरचा मिलिमीटर. कुंपण आणि नळ खऱ्या जागी काढले, तर शाईच्या दोन रेघांचा मिळून एकच फराटा. म्हणून ट्रेसर मंडळी नळाची रेघ वाचता येईल इतपत बाजूला सरकवायची. जुने फिटर नकाशा बघून बरोबर कुंपणापाशीच कुदळ मारायचे. सगळ्यांना माहीत, म्हणून लिहिलेलं कुठेच नाही. कॉम्प्युटरला हे कोण सांगणार? त्याने तीन मिलिमीटरचे इमानेइतबारे तीन मीटर केले.

सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं. मोठी म्हणाली, "कागदावर दिसतंय ना? मग तसंच काढ."

मनात म्हणाली, पडू दे एकदा तोंडघशी.

पंधरा दिवसांनी तो नळ तुंबला आणि शाळेचं पाणी गेलं. नव्या फिटरने हातातल्या यंत्रात धाकटीचे आकडे घातले, यंत्राने दाखवलं तिथे खणलं. खड्डा कोरडा. शेजारी दुसरा खणला, तोही कोरडा. शाळा दोन दिवस बंद ठेवावी लागली, आणि साहेब तणतणत नकाशाखोलीत आले. मोठीने मान खाली घालून शाईची बाटली पुसायला घेतली. आतून तिला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

साहेबांनी त्या रेघेमागचा तक्ता उघडायला लावला. माहिती कुठून घेतली? मोठ्या ट्रेसरबाईंची शीट. भरवसा किती? पूर्ण.

"म्हणजे मूळ शीटच चुकीची!" साहेब कडाडले. "या बाईंच्या सगळ्या शीट्स रद्द करा. भंगार नुसतं!"

धाकटी उभी राहिली. "नाही साहेब. वहिनींची रेघ चुकत नाही. उतरवताना माझंच काहीतरी चुकलं असेल. माझ्या नावावर लिहा."

मोठीच्या हातातलं फडकं थांबलं. हिने चार शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. चांगुलपणातसुद्धा ही बया आपल्या वरचढ!

"शीट बरोबर आहे," मोठी म्हणाली. "रेघ मी मुद्दाम सरकवलीय, वाचता यावी म्हणून. आम्ही सगळेच सरकवायचो. नळ कुंपणाला लागून आहे." "हिने मला विचारलं होतं. मी सांगितलं नाही."

"का?" साहेब म्हणाले.

मोठीने फडक्याची घडी घातली. धाकटीने एकदा तिच्याकडे पाहिलं. मग तिने फिटरला फोन लावला.

तासाभरात कुंपणापाशी नळ सापडला. शीट्स वाचल्या, धाकटीची नोकरीही वाचली. तिने तक्त्यात एक नवा रकाना घातला: सरकवलेली, हो की नाही. मग शेजारी एक खुर्ची ओढली.

"बसा. कुठल्या कुठल्या रेघा सरकवल्यात, ते सांगा."

मोठी बसली. ही हो, ही नाही, ही हो. संध्याकाळपर्यंत साठ रेघा झाल्या. धाकटीने सगळं नीट विचारलं, नीट लिहून घेतलं, मधे चहासुद्धा आणून दिला. वहिनी मात्र ती एकदाही म्हणाली नाही.