कमरोद्दीन मिस्त्रींनी कबूल केलेली चूक

चिकलठाण्याच्या कमरोद्दीन मिस्त्रींइतका तापट माणूस मी पाहिला नाही, आणि त्यांच्याइतका खरा तर नाहीच. जुन्या जीपच्या गिअरबॉक्समध्ये कोणतं तेल घालायचं, हे ते डब्यावरचा आकडा वाचून, मग दोन बोटांत तेल चोळून ठरवत. पटलं नाही तर मालकानं आणलेला डबा शिव्यांसकट परत जायचा.

मी तेव्हा पिशोर-औरंगाबाद जीप चालवायचो. दिवाळीत मिस्त्रींनी माझं तेल बदललं. दोन महिन्यांनी एका दुकानदारानं सांगितलं, मिस्त्री घालतात त्या चार नंबरपेक्षा पाच नंबरचं तेल भारी. मी दीडशहाणा! कुणाला न विचारता ते भरून मोकळा झालो. उन्हाळ्यात दुसरा गिअर पडेना.

मिस्त्रींनी खालचा नट उघडला आणि तेल तळहातावर घेऊन उन्हात धरलं. त्यात सोनेरी भुकटी चमकत होती.

"आतल्या पितळी रिंगा खाल्ल्या. हे पाच नंबर, मागच्या चाकांच्या डिफरन्शलचं तेल हाय. कुणी टाकलं, सांडू?"

मी घाबरलो. म्हणालो, "तुम्हीच की, दिवाळीत."

ते अंगावर येतील असं वाटलं होतं. पण ते स्वतःच्या हाताकडं बघत बसले. मग एकदम उठले.

"त्याच दिशी त्याच डब्यातनं नानासाहेबांची जीप केली व्हती. ते आज लेकीचं वऱ्हाड घेऊन कन्नडचा घाट उतरनार. उतारावर गिअर पडला नाय तर?"

मला मागं बसवून त्यांनी स्कूटर पिटाळली. वेरूळच्या रस्त्यावर पेट्रोल पंपापाशी जीप सापडली. मिस्त्री सरळ तिच्यासमोर उभे राहिले. आत नवरी रडकुंडीला आलेली.

नानासाहेब भडकले. "मुहूर्त टळंल, मिस्त्री. वय झालं तुमचं, सोडा आता हे काम."

मिस्त्रींनी हात जोडले. "चुकलो मी. आजपासून पान्याला हात लावनार नाय. पन ही गाडी जाऊ देनार नाय."

"चाचा," मी म्हणालो, "ते तेल मीच भरलं. तुमचं बरोबर व्हतं."

मिस्त्री बाजूला झाले आणि जीप निघून गेली.

"सांडू," ते हळू आवाजात म्हणाले, "खरं बोलला असतास तर शिव्या दिल्या असत्या, अर्ध्या घंट्यात इसरलो असतो. तू मला माझ्याच हातावर शक घ्यायला लावला."

ते स्कूटरवर एकटेच परतले. पुढं सहा वर्षं त्यांनी माझी जीप सांभाळली, पण मला एकदाही शिवी दिली नाही.