सारवलेलं खळं

माझं घर कुठे असावं हे मी नोकरीत असतानाच ठरवून टाकलं होतं. गावात, खाडीच्या काठाला, थोरल्या भावाच्या घराच्या खालच्या अंगाला. तिथे आमच्या बाबांनी लावलेले माड आहेत आणि संध्याकाळी वारा असा येतो की निरांजन टिकत नाही. आरोग्य केंद्रात नर्स म्हणून सगळी नोकरी झाली ती जामसंड्यातल्या भाड्याच्या खोलीत राहून. लग्न केलं नाही, त्यामुळे 'एकट्या बाईला घर कशाला' हे मला अर्ध्या तालुक्याने विचारून झालंय. एका भावाने तेवढं कधी विचारलं नाही. वाटणीत खालची जमीन त्याने आपणहून माझ्या नावावर करून दिली. "बाय, तुका घर व्हया मां? मगे बांध," एवढंच म्हणाला. तसा तो बोलणारा नाहीच. आंब्याची कलमं सांभाळतो, आणि माणसांशीही कलमांशी बोलावं तेवढंच बोलतो.

शेतीच्या जमिनीवर घर बांधायचं तर ती निवासी भागात येते असा दाखला आधी लागतो. मग जमीन बिनशेती करायची, मग नकाशाला मंजुरी घ्यायची. एसटीने ओरोसला, जिल्ह्याच्या कचेरीत, जाऊन जाऊन मला कंडक्टर ओळखायला लागले. आयुष्यभर मी लोकांना सुई टोचण्यासाठी रांगेत उभं केलं, आता माझी पाळी होती. पण उगाच कुणाला नावं ठेवणार नाही. तिथला साहेब सरळ होता. त्याने माझ्या नकाशावर पट्टी ठेवली, थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, तुमचं घर भरतीच्या रेषेच्या फार जवळ येतंय. इथे मंजुरी मिळणार नाही. मागे सरकवा."

"मागे म्हणजे?"

"डोंगराच्या बाजूला. जागा आहे ना?"

जागा होती. नकाशावर तर ती पांढरीशुभ्र, मोकळी होती. प्रत्यक्षात तिथे उतार होता आणि उताराच्या वर भावाचं घर. मी जामसंड्याच्या इंजिनिअरला गाठलं. तो म्हणाला, उतार कापून सपाट करू, मागे चिऱ्याची भिंत घालू. भिंत कधी, तर नंतर. हा 'नंतर' मला तेव्हाच खटकला होता, पण डोक्यात घर शिरलेल्या माणसाला खटकलेलं ऐकू येत नाही.

उतार कापायचा तो भावाच्या हद्दीला भिडत होता, म्हणून त्याची हरकत नसल्याची सही लागली. ती त्याने बसल्या जागी करून दिली. पण आमच्याकडे सहीवर कुणाचं भागत नाही. जमिनीच्या बाबतीत दिलेला शब्द ग्रामदेवतेच्या देवळात, देवापुढे नारळ ठेवून द्यावा लागतो. तिथे गाऱ्हाणं घालायचा, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाशी बोलायचा, मान गावकराचा, गावच्या मानकऱ्याचा. आणि एकदा तिथे होय म्हटलं की ते मागे घेता येत नाही. त्याबद्दल नंतर कुरकूरही करायची नाही, अवाक्षर काढायचं नाही. काढलं तर ते देवाच्या विरुद्ध बोलल्यासारखं होतं. आमच्या गावात या गोष्टीवरून आजवर कुणी कोर्टात गेलेलं नाही, आणि याचा मला तेव्हा अभिमान वाटायचा.

गावकराने नारळ हातात धरून आवाज चढवला. "बा देवा म्हाराजा, आज ह्या तुझा लेकरू आपल्या भैणीक घर बांधूक जागो देता, डोंगर कापूक देता. ता मान्य करून घे आणि काय वायट-वाकडा आसात तर ता दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. भावाचा आवाज सगळ्यात मोठा होता. घरी तो मिठाचा खडा मागायलाही इतका आवाज काढत नाही.

परवानगी हातात पडेपर्यंत चैत्र उजाडला. वैशाखात जेसीबी आला आणि आठवडाभर उतार कापत राहिला. वरचा जांभा लालभडक होता, कठीण, मशीनचे दात घासून आवाज यायचा. त्याच्या खाली मात्र अचानक पांढरट, जांभळट अशी चिकट माती लागली. मशीन त्यात सुरी लोण्यात जावी तसं आत जाऊ लागलं. काम भराभर उरकलं म्हणून मी खूश. माझ्या घराच्या जागी सपाट, स्वच्छ अंगण तयार झालं होतं. मी तिथे उभं राहून स्वयंपाकघर इथे, देव्हारा तिथे, असं बोट दाखवत एकटीच फिरले. मागे कापलेला डोंगर ताठ उभा होता. अधूनमधून त्यातून मूठभर माती सुटून खाली यायची. पाऊस नाही, वारा नाही, तरी यायची.

काम पाहायला म्हणून मी रोज गावात यायचे आणि दुपारी वर भावाच्या घरी चहाला जायचे. त्या दिवसांत वर काहीतरी बदललं होतं आणि मला ते कळत होतं पण सांगता आलं नसतं. भावाची खुर्ची कायम खळ्याच्या मधोमध असायची, म्हणजे दारापुढल्या सारवलेल्या अंगणात. ती आता विहिरीकडच्या कोपऱ्यात गेली होती. "थंय सावली आसा," तो म्हणाला. सावली तर तिथे दुपारी कधीच नसते.

मागचं दार लागत नव्हतं. मी जोर केला तर वहिनी लगबगीने म्हणाली, "रवांदे वन्सं, लाकूड फुगलासा." वैशाखात लाकूड फुगतं हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. हसले आणि सोडून दिलं.

आणि खळं. ते रोज ताजं सारवलेलं असायचं. आमच्याकडे खळं करतात ते पाऊस संपल्यावर. ते हिवाळाभर जपायचं, आणि वैशाखात कुणी त्याच्याकडे ढुंकून बघत नाही, कारण पुढे पाऊस ते धुऊनच नेणार. वहिनी मात्र रोज सारवत होती. घरातली गाय विकून वर्ष झालं होतं. शेण ती वाडीच्या पार टोकाच्या गोठ्यातून घमेल्यात भरून, डोक्यावर घेऊन आणायची, तेही गुडघे दुखत असताना. मी तिला चिडवलं, "वहिनी, लग्न आसा काय घरात कोणाचा?" ती हसली नाही. मला वाटलं गुडघे दुखतायत. नर्सला दुसरं काय वाटणार?

एका दुपारी चहा पिऊन झाल्यावर मी कप धुवायला उठले आणि चप्पल न घालता सरळ खळ्यातून विहिरीकडे निघाले. त्यांच्या घरातले सगळे कडेकडेने जातात हे तोवर माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

"वन्सं, थंयसून नको!" वहिनी दारातून ओरडली.

तोवर माझा पाय गेला होता. सारवणाचा पापुद्रा फुटला आणि पाय घोट्याच्या वरपर्यंत आत गेला. खाली ओलसर, गार हवा लागली. पाय काढून मी वाकून बघितलं. वरून शेण सारवलं होतं, त्याच्याखाली भुसभुशीत माती कोंबली होती आणि तिच्याखाली भेग होती. मी हाताने सारवण खरवडत गेले. भेग तुळशीच्या पुढून, खळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, माझ्या कापलेल्या उताराला समांतर गेली होती आणि घराच्या कोपऱ्याखाली शिरली होती.

मी संतापले. काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. भाऊ विहिरीच्या कोपऱ्यात खुर्चीवर बसून होता आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "कायेक नाय ता. उन्हान माती फाटता."

"उन्हाने एवढी? मला काय खुळी समजतोस?"

मी वहिनीकडे वळले. तिच्या हाताला कोपरापर्यंत शेण वाळलेलं होतं. ती एकदम रडायला लागली. "त्येंका बोलूक येवचा नाय वन्सं. देवाक नारळ ठेवलेलो आसा. तुमी घर बांधतासात, त्येच्यार ते आता कसे बोलतले?"

तेव्हा मला उमगलं. माझा भाऊ आपलं घर खचताना बघत होता. त्याची तक्रार करणं म्हणजे दिलेला शब्द मोडणं, म्हणून तो बोलत नव्हता. आणि तो बोलत नाही म्हणून ती बिचारी रोज शेण आणून ते झाकत होती. मला भावाचा भयंकर राग आला आणि त्याहून जास्त माया आली.

मी तशीच गावकराकडे गेले. म्हटलं, दिलेला शब्द सोडवून घ्यायचा असेल तर काय करतात? "जेका शब्द दिलो तेणांच सोडवूक व्हयो," तो म्हणाला. "तू सोडतंस?"

"सोडते," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पुन्हा त्याच देवळात उभे होतो. या वेळी नारळ मी ठेवला. गावकराने गाऱ्हाणं घातलं की या लेकीने भावाचा शब्द मोकळा केला आहे, आता त्याने बोललं तर ते त्याला लागू नये. 'व्हय म्हाराजा' म्हणायला गावकर धरून आम्ही चौघंच होतो. आवाज देवळात फारसा भरला नाही.

पायऱ्यांवर आल्यावर मी भावाला विचारलं, "आता सांग. कधी गेली भेग?"

"पयल्याच दिसा," तो म्हणाला. "मशीन लागला, आणि सांजचा वाती येवढी दिसली."

"पहिल्याच दिवशी? अरे, नंतर आठवडाभर कापत होतं ते! तू नुसता हात वर केला असतास तरी मी मशीन थांबवलं असतं."

"तुझा घर होवचा होता मां," तो म्हणाला. मग खाली बघून, "बाय, माका भय वाटता गो." आमचे बाबा गेले तेव्हाही त्याच्या तोंडून असं काही आलं नव्हतं. मी त्याचा हात धरला, जसा मी पेशंटचा धरते, मनगटाशी.

इंजिनिअर येऊन बघून गेला. पावसाआधी भिंत उभी राहणं शक्य नाही, म्हणाला. या वेळी त्याने 'नंतर' हा शब्द वापरला नाही. मी दोघांना जामसंड्याला माझ्या खोलीवर चला म्हटलं. निघण्याच्या सकाळी वहिनी पुन्हा शेण घेऊन आली. भाऊ म्हणाला, "आता कित्याक?" तिने सगळं खळं सारवलं, भेगेच्या अल्याडचं आणि पल्याडचं. भेग तेवढी तशीच उघडी ठेवली. पुढच्या दाराची कडीही आता कोयंड्याला पोचत नव्हती, म्हणून भावाने दार सुंभाने बांधलं. गाठ दोनदा सोडून परत बांधली.

आता माझ्या एका खोलीत आम्ही तिघं राहतो. माझी मंजुरी कपाटात आहे. भाऊ मात्र मोकळा झाल्यापासून बोलतोच आहे. कुठला वासा कुठून आणला, कुठल्या खोलीत कोण जन्मलं, चूल कुणी घातली, सगळं. इतकं बोलणं त्याच्यात होतं हे मला माहीत नव्हतं. कधी वाटतं त्याने परत गप्प व्हावं. रोज सकाळी तो आणि मी पहिल्या एसटीने गावाच्या अलीकडच्या वळणावर उतरतो. तिथून घर दिसतं. तो डोळ्यांवर हात धरून बघतो आणि म्हणतो, "आसा." मग आम्ही परतीची गाडी धरतो.

काल संध्याकाळपासून पाऊस लागलाय तो थांबलेला नाही. भाऊ सकाळपासून छत्री मांडीवर घेऊन, चपला घालून दारात बसलाय. पहिली एसटी गेली, तो उठला नाही. मी चहाचं आधण दुसऱ्यांदा ठेवलंय, कुणालाच चहा नको असताना.