आबांची बेचाळीस गावं

आबांना मी कधी खुर्चीवर टेकलेलं पाहिलं नाही. बीड बायपासवरच्या आमच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत ते सगळ्यांचे प्रोग्राम तपासायचे, तेही उभ्यानं, हातात चहा आणि पायाला भिंगरी. बाहेर इमारती उठत होत्या, नळाला आठवड्यातून एकदा पाणी होतं आणि आबांचा जीव कशातच थाऱ्यावर नसे. "चाललंय म्हंजी बरोबर हाय, असं नसतंय," हे त्यांचं पालुपद. ऐकून ऐकून माझं डोकं उठायचं.

त्या दुष्काळात आम्ही टँकरचा प्रोग्राम करत होतो. रोज पाणी द्यायच्या गावांची यादी टँकरच्या डेपोला पाठवायची. चाचणीला खरा डेपो कुठून आणणार? म्हणून प्रोग्राममध्येच एक खोटा डेपो उभा करायचा, मॉक म्हणतात त्याला. त्याच्या हाती यादी द्यायची आणि मग त्यालाच विचारायचं, बाबा रे, काय मिळालं? मी एवढंच विचारलं, किती गावं? बेचाळीस. चाचणी पास झाल्याची हिरवी खूण आली. आबा खाली चहाला गेले होते. मी त्यांना न दाखवताच प्रोग्राम चालू करून टाकला. घाई, दुसरं काय!

तिसऱ्या दिवशी फोन आला. अजिंठ्याकडच्या एका वस्तीवर टँकर गेलाच नव्हता. यादीत शेजारचं गाव दोनदा आलं होतं, वस्ती गळाली होती आणि आकडा मात्र बेचाळीसच.

आबांचे वडील मेंढ्यांमागं फिरलेले. आबा कडाडले, "मेंढरं मोजायची नसतात, वळखायची असतात! पाणवठ्यावर आपलं एक गेलं, दुसऱ्याचं एक घुसलं, तरी आकडा जुळतोयच की!" त्यांनी यादी सुधारली, टँकर काढायला लावला आणि मला मोटरसायकलवर बसवून वस्तीवर नेलं. टँकर मागून येत होता.

तिथल्या चंद्राबाईंनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी हंडा कलंडवून तळाचं पाणी तांब्यात काढलं. "उनातून आलात, घ्या."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी नको म्हणणार, तोच आबा चक्क जमिनीवर मांडी घालून बसले. दोन घोट घेऊन तांब्या माझ्याकडे सरकवला. "पी. आता इसरायची नाय."

पुढे आबा पुण्याला गेले. फोनसुद्धा करत नाहीत, राग येतो मला. ऑफिसातली नवी मुलं हसतात, "मॅडम, नुसता आकडा बघा की!" मी एकेक नाव तपासते. आणि चाचणीसाठी कुठलीही खोटी यादी केली की त्यात एक नाव घालतेच, चंद्राबाई. त्या पोचल्या का, ते आधी बघते.